आईची किडनी, माझी लेक

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ हा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून दिला असणार. पण त्या विषयावर आपल्या ग्रुपवर पहाटे पाचपासून जेवढं येतं, तेवढं पुरे आहे. मी आज वेगळं बोलणार आहे, आणि त्याला कारण आपल्यातलाच एक जण आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. त्याची भाची चोवीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिचं किडनीचं ट्रान्सप्लांट झालं. आता घरात लग्नाचा विषय निघालाय. त्यानं आधी दहा मिनिटं पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग हळूच विचारलं, “तुला मुलगी आहे ना? म्हणजे... तुलाच झालेली ना?”

हो, मलाच झालेली. यंदा सहावीत आहे. आणि हे विचारायला संकोचायचं काही कारण नाही. आपल्यापैकी निम्म्या लोकांना माझं ट्रान्सप्लांट झालंय हे माहीत आहे, पण त्यानंतरचं विचारायचं धाडस कुणी करत नाही. म्हणून एकदाच सगळ्यांना सांगते.

आजार कसा लागला ते थोडक्यात सांगते. सत्तावीस वर्षांची असताना कंपनीच्या तपासणीत बीपी १५० निघालं आणि लघवीतून प्रथिनं जात होती. बायोप्सीत आयजीए नेफ्रोपथी असं निदान झालं. आपल्याच प्रतिकारशक्तीची प्रथिनं किडनीच्या गाळण्यांत साचतात आणि त्या हळूहळू खराब होतात. दुखत काही नाही, तीच खरी पंचाईत. पुढच्या तीन वर्षांत दोन्ही किडन्या बसल्या आणि मी डायलिसिसवर आले.

डायलिसिसचे चौदा महिने. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दिवसाला चहा-आमटी धरून एक लिटर पाणी. भाजी चिरायची, उकळायची, पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं; चवही त्याच पाण्याबरोबर जाते. नारळपाणी बंद, केळी बंद. लॅपटॉप घेऊन जायचे आणि एका हाताने कोड लिहायचे, कारण दुसऱ्या हातात दोन सुया. त्याच काळात माझी पाळी थांबली. डायलिसिसवर बहुतेक जणींची अनियमित होते किंवा थांबते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नातेवाईक “काही बातमी?” विचारायचे, ते आपोआप बंद झाले. आजाराचा तेवढा एक फायदा.

मग २०१०मध्ये आईनं किडनी दिली. ती तेव्हा ५५ वर्षांची होती. आपल्याकडे १९९४चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे. आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं असे जवळचे नातेवाईक दाते होऊ शकतात, पण नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. तर माझा शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर वडिलांचं नाव होतं, आडनाव होतं, जात होती. आईचं नाव नव्हतं! तेव्हा लिहायचे नाहीत. जिची किडनी घ्यायची तिचाच पत्ता नाही. शेवटी रक्ताच्या तपासणीतून काय ते ठरलं. उतींची जी जुळवाजुळव बघतात, त्यातला अर्धा संच आईकडून येतो आणि अर्धा वडिलांकडून. त्यामुळे आईची किडनी मुलीशी निम्मी जुळतेच. उरलेला निम्मा भाग शरीराला परका असतो, आणि तेवढ्यासाठी जन्मभर गोळ्या.

बऱ्याच जणांना वाटतं की जुनी किडनी काढून तिथे नवी बसवतात. तसं नसतं. जुन्या बहुधा आहेत तिथेच राहू देतात. नवी खाली, ओटीपोटात उजव्या बाजूला बसवतात. हात ठेवला तर मला ती लागते. म्हणजे माझ्या पोटात तीन किडन्या आहेत. माझं वय ४६ आणि त्या चालू किडनीचं ७०.

तिसऱ्या महिन्यात पाळी परत आली. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम सांगते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर बाहेरचं खाऊ नका, मास्क लावा, मांजर पाळू नका, असं सगळं होतं. पण पाळी पुन्हा सुरू होईल आणि दिवसही राहू शकतात, याबद्दल एक ओळ नव्हती. आणि मी तेव्हा मायकोफेनोलेट नावाची गोळी घेत होते, जिच्यामुळे गर्भपात होऊ शकतो आणि बाळाच्या कानात, ओठात, टाळूत व्यंग येऊ शकतं. ट्रान्सप्लांट झालेल्या प्रत्येक तरुण मुलीला गर्भनिरोधनाबद्दल पहिल्या महिन्यातच सांगायला हवं. लग्न झालेलं असो वा नसो. आपल्याकडे डॉक्टर लाजतात, पेशंट लाजते आणि शेजारी बसलेले वडील तर त्याहून लाजतात.

आता मुद्द्यावर येते. मला मूल हवं होतं. का, याला कारण देता येत नाही. सासूबाईंचा दबाव असेल असं काहींना वाटतं. उलट त्या म्हणाल्या होत्या, “तू आहेस तेवढं पुरे.” नवऱ्याचंही तेच. दत्तक घेण्याचा विचार केला, पण त्याच्या नियमांत पालकांना जिवावरचा आजार नसावा असं असतं, आणि माझी फाईल तर वजनावर विकण्याइतकी जाड. अशक्य नव्हतं, सोपंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर हे सगळे पर्याय मी तपासत होते ते ‘आपण तपासले’ एवढं म्हणण्यापुरते. मला हवं होतं ते मला माहीत होतं.

मी इंजिनियर, त्यामुळे वाचन सुरू केलं. १९५४मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांत पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट केलं. पुढे त्यांना नोबेल मिळालं. १९५६मध्ये एडिथ हेल्म नावाच्या बाईंना त्यांच्या जुळ्या बहिणीची किडनी बसवली, आणि मार्च १९५८मध्ये त्यांना मुलगा झाला. म्हणजे मी ज्याला धाडस समजत होते, ते आपल्या सगळ्यांच्या जन्माच्या आधीच होऊन गेलं होतं. १९९१पासून फिलाडेल्फियात अशा बाळंतपणांची नोंदवही ठेवली जाते, आणि तिच्यात आता हजारो नोंदी आहेत. ढोबळ चित्र असं: साधारण चार गर्भारपणांपैकी तिनांत बाळ हाती येतं. निम्म्याच्या आसपास बाळं वेळेआधी जन्मतात. चौघींतल्या एकीला, कधी त्याहून जास्त जणींना, गर्भारपणातलं बीपी वाढतं. आणि मुख्य म्हणजे, आधी किडनी छान चालत असेल तर बाळंतपणाने ती सहसा जात नाही. पण आधीच डळमळीत असेल तर जाऊ शकते.

माझे डॉक्टर कमी बोलणारे. ते म्हणाले, “दोन वर्षं जाऊ देत. क्रिएटिनिन दीडच्या खाली, बीपी ताब्यात, लघवीत प्रथिनं नाहीत, वर्षभरात रिजेक्शनची भानगड नाही. हे असलं तर मी नाही म्हणणार नाही.” दोन वर्षांनी माझं क्रिएटिनिन १.१ होतं. बाकीच्या अटीही पुऱ्या होत्या.

नाही म्हणाली ती आई.

आमच्या आईला तुमच्यातले बरेच जण ओळखतात. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातल्या थालीपिठावर कितीजण पोसलेत ते मला माहीत आहे, आणि रिकामा डबा घरी आला नाही तर ती कशी ओरडायची, तेही. तिला सांगितलं तेव्हा ती गवार मोडत होती. मोडता मोडता म्हणाली, “किडनी तुला दिली. नातवंडाला नाही दिली.”

मी समजावायला गेले. टक्केवारी सांगितली. ती म्हणाली, “शंभरातल्या पंचवीस जणींचं काय होतं ते सांग.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण डायलिसिसला शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं बाळ चोविसाव्या आठवड्यात गेलं होतं, आणि आईने तिला भेटून येताना रिक्षात एक शब्द काढला नव्हता.

इथे थांबून मला जे सांगायचंय ते सांगते. दिलेली किडनी कुणाची? कायद्याच्या दृष्टीने प्रश्नच नाही, माझी. डॉक्टरांच्या दृष्टीनेही माझी. आईने कधी “माझी किडनी” असा शब्दही वापरला नाही. पण ज्या बाईने भूल घेऊन, बरगडीखाली चीर देऊन, कुठलाही आजार नसताना स्वतःचा अवयव काढून दिला, तिला “हा माझा निर्णय आहे” एवढं बोलून गप्प बसवायचं का? दुसरीकडे, तिच्या भीतीपोटी मी माझं आयुष्य जपून कपाटात ठेवायचं का? मला वाटतं, दात्याला मत असतं आणि ते पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. मात्र त्याला नकाराधिकार नसतो. हे वाक्य आता सोपं वाटतंय. तेव्हा त्या वाक्यापर्यंत यायला आम्हा मायलेकींना आठ महिने लागले, त्यातले तीन आम्ही फक्त “जेवलीस का?” एवढंच बोलत होतो.

शेवटी मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिने एकच प्रश्न विचारला, “किडनी गेली तर हिचं डायलिसिस आणि ते मूल, दोन्ही कोण बघणार?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “मी.” आईने मान हलवली नाही, होही म्हणाली नाही. बाहेर आल्यावर फक्त इतकं बोलली, “डबा दिला तर मी परत मागते. किडनी मागता येत नाही. कर तुला काय करायचंय ते.” हे ज्यांना रागाचं वाक्य वाटतंय त्यांनी आमच्या आईला नीट ओळखलेलं नाही. रागात ती बोलतच नाही.

पुढचं सगळं वेळापत्रकाचं काम होतं. मायकोफेनोलेट बंद करून अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केलं. किमान दीड महिना थांबावं लागतं, आम्ही सहा महिने थांबलो, नव्या गोळीवर किडनी टिकते का ते बघायला. बीपीची टेल्मिसार्टन बंद, कारण ती बाळाच्या किडनीला घातक, तिच्याऐवजी लॅबेटॅलॉल. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड चालू. दिवस राहिल्यावर रक्त पातळ ठेवणारी छोटी गोळी. टॅक्रोलिमसची गंमत अशी की गर्भारपणात तिची रक्तातली पातळी घसरते, म्हणून डोस वाढवत न्यावा लागतो. माझा दिवसाचा चार मिलिग्रॅमवरून सातवर गेला. दर पंधरा दिवसांनी रक्त. शिरा सापडेनात.

पाचव्या महिन्यात क्रिएटिनिन ०.८ आलं. मी पेढे आणायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाले, गर्भारपणात ते सगळ्यांचंच उतरतं, पेढे नकोत, साखरही बघायची आहे. बरोबरच होतं, कारण स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस दोन्हींनी साखर वाढते.

एक गोष्ट मला तेव्हा फार नवलाची वाटायची, अजून वाटते. पोटात दोन पाहुणे शेजारी शेजारी. एक आईची किडनी, निम्मी माझ्याशी जुळणारी, निम्मी परकी. दुसरी माझी मुलगी, तीही निम्मी माझी आणि निम्मी नवऱ्याकडची, म्हणजे परकीच. किडनी टिकवायला मी सकाळ-संध्याकाळ नऊच्या ठोक्याला गोळ्या घ्यायच्या, एक तास चुकला तर जीव धाकधूक. मुलीला मात्र शरीर स्वतःहून सांभाळून घेतं. गोळी नाही, काही नाही. कोट्यवधी बायकांच्या बाबतीत ते रोज घडतं आणि आपण त्याला साधं बाळंतपण म्हणतो.

एकतिसाव्या आठवड्यात क्रिएटिनिन १.२ झालं. एरवी तो आकडा चांगला, पण ०.८ वरून १.२ म्हणजे धोक्याची घंटा. रिजेक्शन की बीपीचा त्रास, हे लगेच कळेना. तेहतिसाव्या आठवड्यात बीपी १६० वर १०० आणि लघवीत प्रथिनं. दवाखान्यात भरती. बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून दोन इंजेक्शनं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं सलाईन. ते चढताना अंगात जी आग होते, ती ज्यांनी घेतलंय त्यांनाच माहीत. चौतीस आठवड्यांना सिझेरियन. किडनी उजवीकडे, तिची मूत्रनलिका गर्भाशयाच्या जवळून जाते, म्हणून किडनीचे सर्जनही ऑपरेशन थिएटरमध्ये उभे होते. मुलगी १ किलो ९०० ग्रॅम. बारा दिवस काचेच्या पेटीत.

आई त्या बारा दिवसांत रोज आली. माझ्याजवळ कमी बसली. एनआयसीयूच्या बाहेरच्या बाकावर जास्त.

दूध पाजायचं की नाही यावर माझ्या दोन डॉक्टरांत मतभेद झाले. पूर्वी या गोळ्यांवर असताना पाजू नका असंच सांगायचे. नंतर दिसून आलं की माझ्या ज्या तीन गोळ्या होत्या त्या दुधात फार थोड्या उतरतात. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांनी मात्र पाजायचं नाही. शेवटी पाजायचं ठरलं. आणि एक बारीकशी गोष्ट, जी कुणाच्या लक्षात येत नाही: तोंडातून देतात त्या पोलिओच्या डोसात जिवंत विषाणू असतो आणि तो बाळाच्या शीमधून बाहेर पडतो. माझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली, म्हणून तिला पोलिओची लस इंजेक्शनने दिली. पोलिओ रविवारी दारात आलेल्या ताईंना दर वेळी हे समजावताना माझी दमछाक व्हायची. एका ताईंनी तर मला चांगलं झापलं, शिकलेल्या बायका असून असं वागता म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं.

तर आता आपल्या मित्राच्या भाचीबद्दल. मी तिला दोन-तीनच गोष्टी सांगितल्या. स्थळ बघताना ट्रान्सप्लांट लपवायचं नाही. जो ऐकून निघून जाईल तो आजारपणात तसाही थांबला नसता. मूल हवं की नको हे आत्ता ठरवायची गरज नाही, पण आज कोणती गोळी चालू आहे ते मात्र आजच विचार. आणि जेव्हा ठरवशील तेव्हा किडनीचे डॉक्टर, बाळंतपणाचे डॉक्टर आणि नवजात बाळांचा विभाग एका छपराखाली असेल तिथेच नाव घाल, मग ते शहर लांब असलं तरी. माझ्या डायलिसिसच्या काळातल्या दुसऱ्या एका मैत्रिणीने क्रिएटिनिन २ होतं म्हणून मूल नको असं ठरवलं. ती मजेत आहे, गिर्यारोहण करते, मला नावं ठेवते की मी सह्याद्रीत एक गड चढलेली नाही. तिचा निर्णय माझ्यापेक्षा कमी धाडसाचा नव्हता.

बाळंतपणानंतर माझं क्रिएटिनिन १.३ वर स्थिरावलं. आज १.६ आहे. बाळंतपणामुळे की वयामुळे की जुना आजार नव्या किडनीत हळूच शिरतोय, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. जिवंत दात्याची किडनी साधारण पंधरा-वीस वर्षं चालते, माझीला पंधरा झाली. म्हणजे कधीतरी परत त्या खुर्चीत बसायचं आहे. मुलीला हे माहीत आहे. तिच्यापासून काही लपवलेलं नाही.

आईची उरलेली एक किडनी उत्तम चालते, वर्षातून एकदा तपासते. परवा इकडे यायला निघताना तिला विचारलं, की भाषणात तुझं नाव घेणार आहे, चालेल ना? आणि आता तुझं मत काय? ती म्हणाली, “तेव्हा नको म्हणाले होते, आजही नकोच म्हणेन. जे झालं ते बरं झालं म्हणून मी म्हणाले ते चूक ठरत नाही.” आणि नातीला हाक मारून विचारलं, “कालचा डबा दप्तरातून काढलास का?”

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून जाता जाता एक विचारून घेते. गेल्या महिन्यात मुलीच्या चाचणी परीक्षेत प्रश्न होता, माणसाच्या शरीरात किडन्या किती असतात. तिने लिहिलं, “दोन. आजीला एक. आईला तीन.” तिच्या शिक्षकांनी अर्धा गुण कापला. बाई, तुम्ही किती दिले असते, ते जेवताना सांगा.